एल्कच्या शिकारीचा विसार आणि नकाशावरचा कडा

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडच्या ज्या मराठी मंडळींचा कोलोराडोत एल्कच्या शिकारीला जायचा बेत आहे, त्यांनी विसाराचे पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. मी आणि माझा मित्र, दोघांचे मिळून साडेतीन हजार डॉलर एका भामट्याच्या घशात गेले आहेत. शिकार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावतील. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो विषय संपला. इथे अमेरिकेत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या विभागात शिकार कायदेशीर आहे. तो वाद पुन्हा कधीतरी.

मुळात आउटफिटर, म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सोय करून देणारा माणूस, लागतोच कशाला? आम्ही निवडलेला मुलूख म्हणजे पगोसा स्प्रिंग्जच्या वरचे सॅन हुआन डोंगर आणि त्यातलं वेमिनूच विल्डरनेस, म्हणजे कायद्याने जसंच्या तसं राखलेलं सरकारी रान, जवळपास पाच लाख एकर. तळ ठोकायचा तो कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलत भाऊ, नर तीनशे किलोच्या घरात. पाडला की मांस तिथेच टाकून येता येत नाही, कोलोराडोत तो गुन्हा आहे. चारही तंगड्या आणि पाठीचं मांस खाली आणावंच लागतं. ह्यूस्टनच्या सपाटीवर राहणाऱ्या दोघांना हे पाठीवरून जमणार नव्हतं. म्हणून ‘ड्रॉप कॅम्प’: आउटफिटर घोड्यांवरून सामान वर नेतो, तंबू-शेगडी लावून देतो, शिकार झाली की मांस उतरवतो.

हा गडी नेमका तेच विकत होता, आणि वर आणखी एक गोष्ट: ‘माझी खासगी वाट आहे, तिथे दुसरं कुणी येत नाही.’ टेक्सासात जवळजवळ सगळी जमीन खासगी, हरणासाठीसुद्धा लीज घ्यावी लागते. त्यामुळे जमिनीचे पैसे मोजणं आम्हाला वावगं वाटलं नाही. प्रत्यक्षात ते नॅशनल फॉरेस्ट, म्हणजे सरकारी जंगल, शिकाऱ्याला तिथे पाय ठेवायला एक सेंटही लागत नाही. टेक्सासचा फोन नंबर दिसला की तो ही वाट पुढे करत असणार, असं मला आता वाटतं.

बोलायला मात्र पक्का. एल्क कुठल्या सपाटीवर बसतात, कुठल्या खिंडीतून पलीकडे जातात, सकाळी वारा कुठल्या अंगाने वाहतो, सगळं तोंडपाठ. कोलोराडोत आउटफिटरला राज्याकडे नोंदणी करावी लागते, बाँड आणि विमा लागतो, गिऱ्हाइकाशी लेखी करार करावा लागतो. त्याने नोंदणी क्रमांक दिला, तो सरकारी यादीत चालू दिसला. खरा होताच, फक्त दुसऱ्याचा होता. वेबसाइटही त्याच नावाची, मध्ये एक आडवी रेघ जास्त. करार ‘घोडेवाला आला की पाठवतो’. पैसे झेलवरून (बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पाठवायची सोय), आणि तेही आउटफिटिंगच्या नावावर नव्हे, भलत्याच एका व्यक्तीच्या खात्यात.

परवान्याचं बोलणं याहून वाईट. एल्कच्या परवान्यांसाठीच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. हा म्हणे, ‘सोडतीत पडूच नका, माझ्याकडे जमीनमालकाचं व्हाउचर आहे.’ व्हाउचर म्हणजे परवाना नव्हे. ते कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याकडून जमीनमालकाला मिळतं, आणि त्यावरचा परवाना शिकाऱ्याने स्वतःच्या नावे, वेगळी फी भरून काढायचा असतो. परराज्यातल्याला ती आठशे डॉलरच्या वर पडते. अर्ज ‘मीच भरतो’ म्हणत त्याने आमचे त्या खात्याकडचे ग्राहक क्रमांक, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे घेतले. मित्र एच-१बीवर. त्याला सांगितलं, ‘परवान्याचं मागाहून बघू, बंदूक माझी वापर.’ अशा व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, उसनी घेतलेलीसुद्धा. वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद. म्हणजे पैसे तर जायचेच, वर मित्राची इथली नोकरी आणि राहणंही पणाला लागायचं.

बिंग नकाशाने फोडलं. त्याने पाठवलेला तळाचा बिंदू मित्राने टोपो नकाशावर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, टाकला. दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचा ४० फुटांचा फरक, आणि त्या जागी रेषा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की काळा पट्टाच दिसत होता. सरळ कडा. पाणी नाही, घोडा चढणं सोडाच, उभा राहायला जागा नाही. विचारलं तर म्हणे नकाशा जुना आहे, आणि मांसाची काळजी नको, ते आम्ही साइड-बाय-साइड, म्हणजे रानात चालणाऱ्या छोट्या मोटारगाडीने काढतो. वेमिनूचमधून! विल्डरनेसमध्ये १९६४ च्या कायद्याने मोटारगाडी चालवता येत नाही, सायकलसुद्धा नाही. मग आम्ही फोटो नीट पाहिले. नोव्हेंबरातल्या थर्ड रायफल सीझनचा म्हणून दाखवलेला फोटो, मागे अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक. तिथे ती पानं सप्टेंबरअखेरीस पिवळी होतात, नोव्हेंबरात झाडं उघडीबोडकी असतात. शिवाय कुणाच्या अंगावर नारिंगी नाही. रायफलच्या हंगामात झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि टोपी सक्तीची आहे. कुणाचा तरी धनुष्यबाणाच्या हंगामातला फोटो उचललेला होता.

पगोसाच्या फॉरेस्ट सर्व्हिस कचेरीत फोन लावला. सरकारी जंगलात धंदा करणाऱ्याला त्यांचा वेगळा परमिट लागतो, तो कुणाकडे आहे हे तिथे कळतं. आमच्या माणसाचं नाव त्यांनी ऐकलेलंही नव्हतं. त्यांनी खऱ्या आउटफिटरचा नंबर दिला. फोन त्यांच्या पत्नीने उचलला आणि म्हणाल्या, ‘या वर्षी असा फोन करणारे तुम्ही पहिले नाही.’

इकडे भामटा उरलेल्या पैशांसाठी रोज तगादा लावत होता. तक्रार करतोय म्हटल्यावर नंबर बंद. बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः केलात, परत मिळणार नाही. क्रेडिट कार्डावर निदान वाद तरी घालता आला असता.

कुणी याच सापळ्यात असेल तर उरलेला हप्ता थांबवा, बँकेला आजच लेखी कळवा. एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवा, राज्याच्या आउटफिटर नोंदणी कार्यालयालाही कळवा, कारण चोरलेला क्रमांक त्यांच्याच यादीतला असतो. सोशल सिक्युरिटीचे आकडे दिले असतील तर इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट गोठवून टाका, त्याला पैसे पडत नाहीत.