एमजी मिजेटसाठी ३.७ चा डिफ: कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

१२७५ सीसीची एमजी मिजेट ही छोटी दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार मोटरवेवर ताशी ११० किलोमीटरच्या पुढे गेली की इंजिन ओरडायला लागतं आणि शेजारच्याशी बोलणं बंद पडतं. कारखान्याने या गाडीला पाचवा गिअर कधी दिला नाही, ओव्हरड्राइव्हही नाही. मग मालक मागच्या अ‍ॅक्सलकडे वळतो आणि शेवटच्या १५०० मिजेटमधून (मोठ्या इंजिनाची नंतरची आवृत्ती) काढलेला ३.७ चा डिफ शोधू लागतो. डिफ म्हणजे डिफरन्शियल, गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची फिरकी चाकांना देणारा गिअरांचा गोळा. ३.७ हा त्याचा रेशो: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७ फेरे. आकडा लहान तेवढं त्याच वेगाला इंजिन हळू फिरतं. ब्रिटनमध्ये मॉरिस मायनरवालेही त्याच मालाच्या मागे असतात, त्यामुळे चांगला नग फार वेळ पडून राहत नाही. माल चांगला आहे. पण १२७५ च्या बहुतेक मालकांना त्याची गरज नाही, ३.९ पुरतो.

मिजेटच्या अ‍ॅक्सलवर कारखान्यातून तीन रेशो आले. सुरुवातीच्या गाड्यांना ४.२२ (पिनियनला, म्हणजे शाफ्टकडच्या छोट्या गिअरला, ९ दात; क्राउनला, म्हणजे मोठ्या गिअरला, ३८), साठच्या दशकाच्या अखेरीपासून ३.९, आणि १५०० च्या अगदी उत्तरार्धात ३.७ (११ आणि ४१, म्हणजे हिशेबाला ३.७२७). डिफचा अख्खा गोळा पुढच्या बाजूने निघतो, म्हणून अदलाबदल सोपी.

१४५ आर १३ टायरवर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण १.७२ मीटर पुढे जाते. त्या हिशेबाने टॉप गिअरमध्ये दर हजार आरपीएमला ४.२२ वर ताशी २४.४ किलोमीटर, ३.९ वर २६.४ आणि ३.७ वर २७.७ मिळतात. ब्रिटिश मोटरवेची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे ११३ किलोमीटर. त्या वेगाला इंजिन अनुक्रमे ४६००, ४२७० आणि ४०७० ला फिरतं. ४.२२ वरून ३.९ वर आलात की साडेतीनशेच्या आसपास आरपीएम वाचतात आणि ते कानाला लगेच कळतं. पुढच्या पायरीला जेमतेम दोनशे. पैसे मात्र या दुसऱ्या पायरीचेच जास्त मोजावे लागतात.

आता ओढीचं. ३.७ वर प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर ४.२२ च्या मानाने जवळपास १२ टक्क्यांनी घटतो. पिकअप कमी होतो ते चालवून घेता येतं, खरी अडचण पहिल्या गिअरची आहे. १२७५ च्या गिअरबॉक्समध्ये पहिला ३.२ चा आणि त्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडावा म्हणून असलेली यंत्रणा) नाही. ४.२२ बरोबर पहिल्याचा एकूण रेशो १३.५ येतो, ३.७ बरोबर ११.९. चढावर गाडी उचलताना क्लच जास्त वेळ अर्धवट दाबून धरावा लागतो. अरुंद वळणावर दुसरा ओढत नाही आणि चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच (क्लच दोनदा दाबून मध्ये न्यूट्रलला इंजिनचा वेग वाढवणं) करावं लागतं. कारखान्याने ३.७ दिला तो १५०० ला, आणि त्या गाडीचा पहिला ३.४१ चा, सिंक्रोसकट. तिथे एकूण रेशो १२.७ पडतो, शिवाय इंजिनला टॉर्कही जास्त. लोक त्या गाडीतला फक्त डिफ उचलतात, गिअरबॉक्स तिथेच राहतो.

टॉप स्पीड वाढेल ही आशाही सोडा. ३.७ वर ६००० आरपीएम म्हणजे ताशी १६६ किलोमीटर, आणि मूळ ६५ हॉर्सपॉवरचं इंजिन सपाटीला १५० च्या आसपासच दमतं. समोरून वारा असला की टॉपमधून तिसऱ्यात यावं लागतं.

आपल्याकडे कुणाची मिजेट असेल तर हिशेब आणखी सोपा. एक्स्प्रेसवेवर १०० ला ३.९ वर इंजिन ३८०० ला फिरतं, ३.७ वर ३६०० ला. एवढ्यासाठी वरंध किंवा आंबेनळी घाटात क्लच जाळण्यात अर्थ नाही. ९४८ आणि १०९८ सीसीच्या जुन्या, लहान इंजिनांना ३.७ लावूच नये. १०९८ ला फार तर ३.९.

डिफवर खर्च करण्याआधी टायर मात्र बघाच. १५५/८० आर १३ टायर १४५ पेक्षा पावणेतीन टक्क्यांनी उंच असतो. तो लावला की ३.९ चा डिफ ३.८ सारखा वागतो, म्हणजे अर्धी पायरी टायरच्या पैशातच सुटते. उलट १८५/६० चे रुंद, बुटके टायर चढवून वर आरपीएमची तक्रार करणारेही पुष्कळ. फोर्डचा टाइप ९ पाच गिअरचा बॉक्स बसवायचा विचार असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. त्याचा पाचवा ०.८२ चा, त्यामुळे ३.९ वरसुद्धा १०० ला इंजिन ३१०० वर येतं. त्यात ३.७ घातला तर पाचवा नुसता उताराच्या कामाचा. मात्र या बॉक्सचा पहिला ३.६५ चा, फारच आखूड. म्हणून त्याच्याबरोबर ४.२२ ठेवू नका, ३.९ च बरा.

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत एकाच वाक्याने होते: ‘१५०० चा डिफ आहे.’ सुरुवातीच्या १५०० मध्ये ३.९ च होता. डिफ टेबलावर असेल तर क्राउनचे दात मोजा, ४१ हवेत. गाडीत असेल तर मागचं एक चाक उचला, दुसरं जमिनीवर अडवून ठेवा, गिअर न्यूट्रलला. उचललेलं चाक हाताने बरोबर २० वेळा फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. ४२ च्या थोडं वर आले तर ४.२२, ३९ ला ३.९, ३७ च्या थोडं वर तर ३.७. दोनच फेऱ्यांवर निकाल लावाल तर ३.९ आणि ३.७ मध्ये गोंधळ ठरलेला.

जुन्या गोळ्यात आधी झिजतात त्या आतल्या छोट्या गिअरांच्या थ्रस्ट वॉशर आणि त्यांची पिन. अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की ‘ठक’ आवाज येतो तो बहुधा याचाच. हे काम फार खर्चाचं नाही. क्राउन आणि पिनियनच्या दातांवर मात्र खड्डे, सोललेले पापुद्रे किंवा निळसर जळल्याची झाक दिसली तर तो नग तिथेच ठेवा. दाब दिल्यावरच घूंऽऽ करणारा किंवा फक्त सोडल्यावर करणारा डिफ नुसतं ऑइल बदलून गप्प होत नाही.

कोरी क्राउन-पिनियन जोडी घेऊन आपल्या गोळ्यात बसवणं हा दुसरा मार्ग. जोडी एकत्र लॅप केलेली (घासून एकमेकांना जुळवलेली) असते, दोन्हींवर एकच नंबर हवा. किती बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ठेवायचा तो आकडा क्राउनवरच कोरलेला असतो, ठोकळ मापाने चालवू नका. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवायची, दातांना ब्ल्यू (निळा लेप) लावून ठसा बघायचा. तो दाताच्या मधोमध हवा, टोकाला सरकलेला नको. बेअरिंग नवीन घाला आणि बेअरिंग कॅप ज्या बाजूच्या त्याच बाजूला लावा. नेहमीच्या गॅरेजला हे काम देऊ नये. डायल गेज (बारीक माप दाखवणारं उपकरण) असलेल्या आणि हा अ‍ॅक्सल आधी बांधलेल्या माणसाकडेच द्यावं, नाहीतर कोरी जोडी काही शे मैलांत गायला लागते.

तयार गोळा बसवायला मात्र एक दिवस पुरतो. गाडी स्टँडवर, ऑइल काढायचं, ड्रम उतरवायचे, दोन्ही हाफ शाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) डिफमधून सुटेपर्यंत बाहेर ओढायचे, प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करून बोल्ट काढायचे आणि भोवतालचे नट सोडून गोळा पुढे घ्यायचा. जड असतो, एकट्याने अंगावर घेऊ नका. पिनियन सील आणि गॅस्केट नवीनच लावा. अ‍ॅक्सलच्या ब्रीदरमधली (हवा बाहेर पडण्याच्या तोंडातली) घाण काढा. तो तुंबला की आत दाब साठतो आणि ऑइल हबमधून ब्रेक शूवर उतरतं. ईपी ९० हायपॉइड ऑइल सुमारे एक लिटर लागतं, लेव्हल प्लगच्या तोंडापर्यंत.

शेवटचं काम लोक टाळतात ते स्पीडोमीटरचं. केबल गिअरबॉक्सवरून येते, तिला डिफ बदलल्याचं कळत नाही. ४.२२ च्या मीटरवर ३.७ लावला तर काटा ६० मैल दाखवत असताना गाडी ६८ ने पळते, आणि कॅमेऱ्यापुढे हे कारण चालत नाही. स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात एका मैलाला केबलचे किती फेरे ते छापलेलं असतं. मीटरमागून केबल सोडा, आतल्या तारेला कागदाचा बाण चिकटवा, गाडी सरळ रेषेत १६.१ मीटर ढकला आणि बाणाचे फेरे पाव फेऱ्यापर्यंत मोजा. त्याला शंभरने गुणलं की एका मैलाचा आकडा मिळतो. मीटर दुरुस्त करणाऱ्याला तबकडीवरचा आकडा आणि हा नवा आकडा, दोन्ही लिहून द्या.