दिवाळीची गिफ्ट कार्डं आणि माझे ६०,२५२ रुपये

आकडा आधी सांगते. चौदा प्रीपेड गिफ्ट कार्डं, प्रत्येकी ५,००० रुपयांची. ७०,००० वर दोन टक्के सूट, म्हणजे ६८,६००. वर प्रत्येक कार्डामागे १०० रुपये फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, त्याचे १,६५२. एकूण ७०,२५२ रुपये यूपीआयनं दिले. चौदापैकी दोन कार्डांत पैसे निघाले. बाकीची बारा नुसतं प्लॅस्टिक. त्या दोन कार्डांचे १०,००० वजा केले तर माझे गेले ६०,२५२.

नाशिकला माझं मसाले पॅकिंगचं छोटं युनिट आहे, चौदा बायका कामाला. दिवाळीला बोनसवर काहीतरी भेट द्यायची पद्धत आहे. यंदा बायकाच म्हणाल्या, "ताई, भांडी पुरे झाली आता." म्हणून कार्डं. ती विकणारा माणूस उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आला. "अनोळखी माणसाकडून घेतलीच कशाला?" असं विचारणाऱ्यांना आताच सांगते, ग्रुपमधल्या दोघांनी आधी त्याच्याकडूनच घेतली होती आणि त्यांची चालली होती. शिवाय कार्डं खोटी नव्हतीच. चिप, सीलबंद पाकीट, मागे खऱ्या कंपनीचं नाव, सगळं होतं. फक्त त्यांत पैसे भरलेले नव्हते, आणि भरलेलं कार्ड आणि रिकामं कार्ड दिसायला सारखंच असतं.

त्यानं गठ्ठ्यातली वरची दोन पाकिटं स्वतःच्या हातानं काढली, फोडली, पाकिटावरचा क्यूआर माझ्याच फोनवर स्कॅन करायला लावून शिल्लक दाखवली. ५,०००. दुसऱ्यातही ५,०००. मी मधलं एखादं पाकीट ओढलं असतं तर खेळ तिथंच संपत होता. उलट मीच म्हणाले, "बाकीची फोडू नका, द्यायला बरं दिसत नाही." हे वाक्य आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. घाऊक कार्डं घेताना तपासायचं पाकीट तुम्ही निवडा, विकणाऱ्याला निवडू देऊ नका. बरं दिसणं गेलं खड्ड्यात.

आणि पैसे द्यायचा क्यूआर! तो स्कॅन केला तर पडद्यावर कंपनीचं नाव नाही, कुणा बाईचं नाव. मी विचारलं होतं, अगदी स्पष्ट विचारलं होतं. म्हणाला, "मॅडम, कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, हे अकाउंट्सच्या मॅडमचं खातं." धनत्रयोदशीच्या तोंडावर कसलं ऑडिट? पण बाहेर टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मुंबईचा माल आजच निघायला हवा, आणि हा पेन पुढे करून उभा. पिन टाकला. अशा वेळी कुणाचं डोकं चालतं ते मला सांगा. बिलात जीएसटी लावलेला, पण जीएसटी नंबरच नव्हता, हेही नंतर दिसलं.

कार्डं धनत्रयोदशीला वाटली, भानगड भाऊबीजेला कळली. आमच्याकडची एक बाई मुलीला घेऊन साडीच्या दुकानात गेली. तीन साड्या बांधून झाल्या, कार्ड मशीनला लावलं, डिक्लाइन. परत लावलं, डिक्लाइन. मागे रांग. साड्या काउंटरवर ठेवून दोघी बाहेर आल्या आणि तिनं मला फोन केला, "ताई, माझंच कार्ड वाईट निघालं का हो?" बाराजणींना मी रोख ५,००० दिले, ते ६०,००० वेगळे.

कार्ड देणाऱ्या कंपनीचं उत्तर: "या नंबरांवर लोड झालेलंच नाही, त्यामुळे आमच्याकडे व्यवहार नाही." मग हे नंबर कुठल्या एजन्सीला दिले होते ते तरी सांगा. "ती माहिती गोपनीय आहे." बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, याला अनधिकृत व्यवहार म्हणत नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. (फसल्याचं कळलं की पहिला फोन १९३० लाच करा, सणबिण बघू नका. मी आधी त्या माणसाला फोन लावत बसले.) सायबरवाले म्हणाले, कार्डं समोरासमोर दिली ना, मग ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले, पैसे यूपीआयनं गेले ना, मग सायबरला जा. गुन्हा नोंदवा म्हटलं तर, "साधा अर्ज द्या, चौकशी करू." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ हे फसवणुकीचंच आहे, असं मी म्हणाले, तर "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" अर्जाची पोच मिळवायला साहेब जेवून येईपर्यंत बाकावर बसले, आणि आल्यावर शिक्का सापडेना! रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी कंपनीकडे तक्रार करावी लागते; तिचं उत्तर पटलं नाही किंवा तीस दिवसांत आलं नाही, तरच जाता येतं. तेही केलं. उत्तर आलं की तुम्ही पैसे कंपनीला दिलेलेच नाहीत, तक्रार बसत नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर. चुकीची मी एकटीच.

रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे निर्देश मी आता वाचले. गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं, ते परत भरता येत नाही, त्यातून रोख काढता येत नाही, आणि विकत घेणाऱ्याचं केवायसी कंपनीनं ठेवायचं असतं. आमचा माणूस सांगत होता की हीच कार्डं पुढच्या वर्षी भरू, एटीएममध्येही चालतील. पॅनसुद्धा मागितलं नाही, आणि कागदपत्रांची कटकट वाचली म्हणून मी खूश.

आणि सूट? एखाद्या साडीवाल्याच्या व्हाउचरवर सूट समजू शकते, तो आपल्या नफ्यातून देतो. सगळीकडे चालणाऱ्या कार्डाचे ५,००० कुणी ४,९०० ला कशाला विकेल? पुढचा रुपेचा किंवा व्हिसाचा शिक्का बघून भुलू नका, मागे कार्ड कुणी दिलंय ते वाचा. ते नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या परवानाधारकांच्या यादीत शोधा, आणि कार्डं त्यांच्याकडूनच, त्यांच्याच खात्यात पैसे भरून घ्या. या कार्डातल्या शिलकीला बँकेतल्या ठेवीसारखं पाच लाखांच्या विम्याचं संरक्षणही नसतं, तेव्हा मोठी रक्कम त्यात ठेवूच नका.

ग्रुपवर त्या माणसाचा नंबर टाकला तर ॲडमिननं मेसेज काढून टाकला. म्हणे ग्रुपची बदनामी होते. परवा एकाचा फोन आला, "तुमचे पैसे परत मिळवून देतो, २,९९९ रुपये प्रोसेसिंग फी भरा." नाव, रक्कम, सगळं त्याला ठाऊक होतं. तुम्हालाही येईल असा फोन. ठेवून द्या आणि तो नंबरही तक्रारीत घाला.