चांदीचा रुपया घेताय? आधी साल बघा

गेल्या दिवाळीआधी माझ्या वडिलांच्या गळ्यात अर्ध्या चांदीचे रुपये पूर्ण चांदीच्या भावात मारले गेले. विकणारा ओळखीतून आलेला, बोलायला गोड. त्याची पद्धत इतकी बेमालूम आहे की सविस्तर सांगतो.

थैलीत वीस कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातले रुपये. वरचे चार पंचम जॉर्जचे, 1917-18 सालचे. त्यातला एक त्याने काट्यावर ठेवला: 11.6 ग्रॅम. मग तळातला एक काढून ठेवला, तोही तेवढाच. "बघा काका, बंदा रुपया!" वरून लोहचुंबक फिरवलं, एकही नाणं चिकटलं नाही. बाबांनी विसांचेही पैसे मोजले.

काटा खरा, चुंबकही खरं. लबाडी आहे ती सालात. दुसऱ्या महायुद्धात महागाई भडकली, लोक चांदीचे रुपये घरात दडवू लागले. इंग्रज सरकारने 1940 पासून रुपयातली चांदी 91.67 टक्क्यांवरून थेट 50 वर आणली. उरलेलं 40 टक्के तांबं, 5 निकेल, 5 जस्त. वजन मात्र तेच ठेवलं, त्यामुळे काट्यावर काहीच कळत नाही. चुंबकाला चिकटतो तो 1947 चा निकेलचा रुपया. अर्ध्या चांदीच्या रुपयावर चुंबक फिरवणं हा निव्वळ देखावा.

खालचे सोळा निघाले सहाव्या जॉर्जचे, 1942 ते 45 चे. सराफाने कड घासून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढला तेव्हा उघड झालं. एका नाण्यात 10.7 ऐवजी 5.8 ग्रॅम चांदी, म्हणजे सोळांत मिळून जवळपास 78 ग्रॅमची तूट. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "मी चांदीचा रुपया म्हणालो, शुद्ध कुठे म्हणालो?" मग भाव कशाचा लावलास? म्हाताऱ्या माणसाच्या विश्वासावर हा धंदा चालतो, याची मला चीड आहे.

साल मागच्या बाजूला, वेलबुट्टीच्या आत असतं. राणीछाप (व्हिक्टोरियाचे), एडवर्ड आणि पंचम जॉर्जचे रुपये 91.67 टक्क्यांचे. सहाव्या जॉर्जचे 1938-39 चेही तसेच, पण 1939 चा फार दुर्मीळ. तो कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका. 1940 नंतरच्या बहुतेक रुपयांच्या कडेवर मधोमध खाच असते, ती नखाला लागते. मिसळलेली थैली एकरकमी घेऊ नका. सालवार वेगळी करायला लावा आणि बिलावर साल, टंच दोन्ही लिहून घ्या.

तो विकणारा आता सोळा नाणी परत घ्यायला तयार आहे, तेही अर्ध्या भावाने. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे.