एएमडीचा रायझन ५ ५६०० की इंटेलचा आय५ १२४००एफ, कोणता प्रोसेसर घ्यायचा?

दोन्ही २०२२ चे, दोन्हीत ६ कोअर १२ थ्रेड, बूस्ट (जास्तीत जास्त वेग) पण ४.४ गिगाहर्ट्झच, त्यामुळे नुसतं स्पेक्स बघून काही ठरत नाही. गेमिंगला दोघंही जवळपास सारखेच, चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्या, फरक त्याने पडेल.

खरा प्रश्न मदरबोर्डाचा आहे. घरी जुना बी४५० बोर्ड (एएमडीच्या एएम४ सॉकेटचा) आणि डीडीआर४ रॅम असेल तर डोळे झाकून ५६०० घ्या, आधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्यायचं, मग नवीन बसवायचा, बोर्ड-रॅमचा खर्चच वाचला ना! फक्त कूलर काढताना सरळ वर खेचू नका हं, पीसी थोडा वेळ चालवून गरम करा आणि कूलर हलके हलके डावी-उजवीकडे फिरवत सोडवा, नाहीतर वाळलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि एएम४ ला पिना प्रोसेसरलाच असतात, वाकल्या की झालं. इंटेलला पिना बोर्डावर असतात, तिथे सॉकेट जपायचं.

सगळंच नवीन घेत असाल तर मी १२४००एफ कडे झुकेन, कारण त्याच सॉकेटवर पुढे १३व्या-१४व्या जनरेशनचा आय५, आय७ बसतो. एएम४ वर आता नवीन पिढी येणार नाही, पण त्यावर बसणारा ५७००एक्स३डी मिळाला तर गेमिंगला तोही जबरदस्त.

आणि ग्राफिक्स कार्ड नंतर घेणार असाल तर हे दोन्ही नकोत, दोघांतही स्वतःचं ग्राफिक्स नाही, डिस्प्लेच येणार नाही! तेव्हा एफ नसलेला साधा १२४०० घ्या, व्हिडिओ एडिटिंगलाही त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओ झटपट एन्कोड करणारी सोय) कामाला येतं.