मॅचचा चहा: क्लबचा की घरचा डबा?

इंग्लंडच्या खेड्यातल्या क्रिकेट मॅचला ‘चहा’ म्हणजे नुसता कप नव्हे. दोन डावांमधलं छोटं जेवणच ते. 2020 मध्ये कोविडमुळे तो बंद झाला, जो तो आपला डबा आणू लागला आणि काही क्लबांत तीच सवय टिकली. मी दोन्ही खाल्लंय.

क्लबच्या चहाला 10 पैकी 8. लांब टेबलावर अंडं-मेयोनेजची त्रिकोणी सँडविचेस, कोरोनेशन चिकन (करी मसाला घातलेल्या मेयोनेजमधलं गार चिकन, राणी एलिझाबेथच्या 1953 च्या राज्याभिषेकाची देणगी), जॅम भरलेला व्हिक्टोरिया स्पंज केक. चहा मात्र आपल्या जिभेला पाणचटच, दोन गुण तिथेच कापले. पण ज्या बोलरनं मघाशी तुमचा त्रिफळा उडवला, तोच शेवटचा स्कोन (छोटा गोडसर पाव) तुमच्याकडे सरकवतो.

डब्याला 5. पोळीभाजी चवीला सरस, थर्मासात आल्याचा चहा. शिवाय सँडविचेस करण्यात कुणाच्या बायकोचा शनिवार जात नाही, हे मान्यच. पण प्रत्येकजण आपापल्या गाडीच्या डिकीशी उभा राहून खातो, समोरच्या संघाशी चकार शब्द नाही.

क्लबच्या चहानंतर फिल्डिंग असेल तर स्पंजचा दुसरा तुकडा तेवढा टाळा. स्लिपमध्ये वाकताना कळतं.