स्वयंसेवक सांभाळायला शिकवणारी कार्यशाळा : जरूर जा, पण एकट्याने जाऊ नका

आमची संस्था पुण्यातल्या महापालिका शाळांमध्ये शनिवारी वाचनवर्ग घेते. पगारी माणसं मोजकीच, बाकी सगळी भिस्त स्वयंसेवकांवर. म्हणून 'स्वयंसेवक व्यवस्थापन' या विषयावरच्या दोन दिवसांच्या निवासी कार्यशाळेचं पत्रक आलं, तेव्हा मी आणि शाळांवर जाणारी माझी सहकारी, अशा दोघींनी नावं दिली.

स्वयंसेवक मिळवायचे कसे, हा विषय त्यांनी अगदी शेवटी ठेवला होता, हे मला फार आवडलं. पहिली सकाळ एकाच प्रश्नावर गेली. शनिवारी नऊ वाजता नवी स्वयंसेवक मुलगी शाळेच्या दारात आली, तर पहिल्या पंधरा मिनिटांत तिला कोण भेटणार, कुठे बसवणार, हातात काय देणार? बहुतेकांनी लिहिलं, 'संस्थेची माहिती देऊ.' प्रशिक्षक ताई शांतपणे म्हणाल्या, "बरं, आणि मग?" तिथे सगळ्यांची गाडी अडली. मग प्रत्येक संस्थेने एका कामाचा एक पानी कागद तयार केला : काम काय, वेळ किती, अडलं तर कोणाला विचारायचं आणि काय करायचं नाही. हा शेवटचा रकाना सोन्यासारखा आहे. मुलांना एकट्याने घरी सोडायला जायचं नाही. खाऊ किंवा पैसे द्यायचे नाहीत. आपल्या मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत.

याच ओघात पोक्सो कायदा आला. 2012 च्या या कायद्याच्या कलम 19 नुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'कोणाही' म्हणजे स्वयंसेवकसुद्धा. हे स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं ताईंनी ठासून सांगितलं, आणि ते शंभर टक्के पटलं.

सगळ्यात कस लागला तो नाट्यरूप सरावात. एक निवृत्त शिक्षक मनापासून येतात, पण मुलांवर खेकसतात. त्यांच्याशी कसं बोलायचं? माझी सहकारी "काका, तुमचा स्वभाव जरा..." म्हणाली आणि ताईंनी तिथेच थांबवलं. स्वभावावर जायचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं : "मागच्या शनिवारी वाचता आलं नाही म्हणून तुम्ही दुसरीतल्या मुलीला उभं केलंत. आपल्या वर्गात आपण मुलांना उभं करत नाही." एवढं बोलून गप्प बसायचं, समोरच्याला बोलू द्यायचं. वयाने मोठ्या माणसाला असं सांगणं आपल्याकडे किती जड जातं, ते सगळ्यांनाच माहीत आहे. हा सराव आणखी तासभर चालायला हवा होता.

एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतून येणाऱ्या कॉलेजच्या मुलांवरचं सत्रही कामाचं होतं. त्यांना वर्षाला 120 तास भरायचे असतात, म्हणून संस्था त्यांना खुर्च्या मांडायला लावतात आणि सही देऊन मोकळ्या होतात. परीक्षेचे दिवस वगळून हे तास आधीच कामांत वाटून घ्या, ही सूचना साधी आहे, पण किती जण तसं करतात?

दुसऱ्या दिवशीची दुपार मात्र फुकट गेली. कंपन्यांच्या एकदिवसीय उपक्रमांवर लांबलचक सत्र, भिंती रंगवतानाचे फोटो आणि हजेरीच्या ॲपचं प्रात्यक्षिक. कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ पैशात मोजून कंपनीला सीएसआर (सामाजिक जबाबदारी) खर्चात धरता येत नाही, ही उपयोगाची माहितीही त्यात ओझरतीच आली. शिवाय स्लाइड सगळ्या इंग्रजीत. मराठवाड्यातून आलेले दोन कार्यकर्ते बोलण्यात सगळ्यांच्या पुढे होते, पण स्लाइड उतरवून घेताना मागे पडत होते. मराठी प्रत हातात द्यायला काय हरकत होती?

शुल्क लहान संस्थेला जड आहे. तरी दोघांना पाठवाच : एक कार्यालयातला आणि एक प्रत्यक्ष स्वयंसेवकांसोबत उभा राहणारा. एकटा माणूस परत येऊन उत्साहाने सांगतो आणि बाकीचे "आपल्याकडे हे जमायचं नाही" म्हणून विषय संपवतात. आम्ही दोघी होतो, म्हणून कामाचे कागद पुढच्याच आठवड्यात शाळांवर पोहोचले. जाताना आपलं खरं वेळापत्रक आणि सध्याच्या स्वयंसेवकांची यादी बरोबर न्या; सगळे सराव त्यावरच करून घेतात. पुढच्या तुकडीसाठी मी आमच्या संचालकांचं नाव देणार आहे.