एफबीआरएम लेझर प्रोब: गुठळी झाली हे सांगतो, कशी झाली ते विचारू नका

क्रिस्टलायझरमध्ये (द्रावणातून स्फटिक काढायच्या टाकीत) बारीक स्फटिक चिकटून गुठळ्या झाल्या, हे बहुतेकदा फिल्टरवर किंवा ड्रायरमध्ये लक्षात येतं. गुठळीच्या पोटात अडकलेलं मदर लिकर (स्फटिक निघाल्यावर उरलेलं द्रावण) धुऊन निघत नाही, अशुद्धी राहते, वाळवणं लांबतं. एफबीआरएम (फोकस्ड बीम रिफ्लेक्टन्स मेजरमेंट) प्रोब सॅम्पल न काढता, थेट स्लरीत (स्फटिक मिसळलेल्या द्रावात) राहून हे आधीच दाखवतो.

प्रोबच्या खिडकीमागे लेझरचा ठिपका साधारण सेकंदाला 2 मीटर वेगाने गोल फिरतो. कणावरून जाताना प्रकाश जितका वेळ परत येतो, त्याला वेगाने गुणलं की जीवेची (कणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच्या रेषेची) लांबी मिळते. हा व्यास नव्हे! चाळणीच्या आकड्यांशी तो जुळवत बसू नये, सुईसारख्या स्फटिकांत तर मुळीच नाही.

प्रोबचा खरा उपयोग ट्रेंडसाठी. 10 मायक्रॉनखालचे काउंट (मोजलेल्या जीवांची संख्या) आणि एकूण काउंट दोन्ही भराभर घसरले, शिवाय वर्गभारित सरासरी (लांब जीवांना जास्त वजन देणारी) चढली, तर गुठळ्यांचा संशय घ्या. स्फटिकांची नुसती वाढ असेल तर एकूण काउंट इतके पडत नाहीत. अँटिसॉल्व्हंट (पदार्थाची विद्राव्यता घटवणारा द्रव) पृष्ठभागावर एकाच जागी ओतलं की हे हमखास दिसतं. तिथे अतिसंपृक्तता (विरघळू शकतो त्याहून जास्त पदार्थ द्रावणात असणं) जास्त, त्यामुळे आदळलेले दोन स्फटिक सुटायच्या आत त्यांच्यात नव्या वाढीचा पूल बांधला जातो आणि जोड पक्का होतो. अँटिसॉल्व्हंट एजिटेटरच्या (ढवळणीच्या) पात्यांजवळ, हळू सोडा. कूलिंगने स्फटिक काढत असाल तर सीड (बी म्हणून टाकलेले स्फटिक) टाकल्यानंतर सुरुवातीला मंद ठेवा. एजिटेटरचा आरपीएम वाढवून सुटका शोधणाऱ्यांनी जपून: स्फटिकही फुटतात, बारीक काउंट वर येतात आणि स्क्रीनवर सगळं छान दिसतं.

मोठी उणीव अशी की बारीक कण विरघळले तरी काउंट तसेच घसरतात. शिवाय खडबडीत गुठळीची एक लांब जीवा न धरता प्रोब कधी कधी तिचे चार तुकडे मोजतो. म्हणून सोबत इन-लाइन कॅमेरा किंवा निदान मायक्रोस्कोपखाली एक थेंब हवाच. नुसत्या प्रोबवर प्रक्रिया बदलणं धाडसाचं आहे.

बसवताना खिडकी प्रवाहाला 45 अंशांच्या आसपास तिरकी, समोरून स्लरी आदळेल अशी ठेवा. प्रवाहाच्या आडोशाला बसवली तर खिडकीवर थर चढतो, आणि एकाच लांबीचे काउंट न हलता येत राहिले की प्रोब काढून पुसण्याशिवाय इलाज नाही.